इंजेक्टर बदलून टाकू का? तुम्ही विचारलेत म्हणून

जुनी पिकअप चालवणारे आणि ती स्वतःच दुरुस्त करण्याची खोड असलेले लोक मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात: गाडी मिस मारते (मधेच ठोका चुकवते), उभी असताना आयडलिंगला थरथरते, पेट्रोल भरमसाट पिते, तर इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बदलून टाकू का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. आधी कबुली देतो की हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. एका शनिवारी चारही इंजेक्टर बदलले आणि संध्याकाळी गाडी अगदी सकाळी होती तशीच होती.

ती पिकअप १९८९ची, पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर असलेली. थंड इंजिन पहिल्या चावीला सुरू व्हायचे आणि पहिली चार-पाच मिनिटे इतके शहाण्यासारखे चालायचे की तक्रार करायची लाज वाटावी. इंजिन तापले की मात्र सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास, आणि गाडी थांबवली की इंजिन बंद. स्पार्क प्लग काढून पाहिले तर चारही कोरड्या, मखमली काजळीने माखलेले. पेट्रोल जास्त जात होते हे उघड होते, ते इंजेक्टरमधूनच जाते हेही उघड होते, म्हणजे इंजेक्टर गळत असणार, असा हिशेब मी मांडला. चारही प्लग सारखेच काळे आहेत, आणि चार इंजेक्टर एकाच वेळी सारखेच बिघडणे जवळजवळ अशक्य आहे, ही समोर पडलेली गोष्ट मला दिसली नाही.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी छोटी झडप. कॉइलमध्ये करंट आला की आतली सुई उचलली जाते आणि करंट तुटला की स्प्रिंग तिला परत बसवते. आयडलिंगला ही उघडझाप जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदांची असते. ती किती वेळ उघडी ठेवायची हे इंजिनाचा कंप्युटर ठरवतो आणि मागून किती दाबाने पेट्रोल यायचे हे रेग्युलेटर ठरवतो. इंजेक्टर हुकमाचा ताबेदार आहे. त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्यापूर्वी हुकूम कोण देतो आणि कशाच्या भरवशावर देतो, हे तपासणे भाग असते.

पेट्रोलच्या बाजूची तपासणी मी आता नेहमी दाबापासून सुरू करतो, कारण दाब चुकीचा असेल तर पुढची सगळी मोजमापे दिशाभूल करतात. माझ्या गाडीसारख्या रचनेत रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) साधारण अडीच ते तीन बार (दाबाचे एकक) दाब असतो. उलट थ्रॉटल बॉडीवरच (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागावरच) इंजेक्टर असलेल्या रचनेत, उदाहरणार्थ १९८७ ते १९९५ दरम्यानच्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच पिकअपमध्ये, तो एका बारपेक्षाही कमी असतो, तेव्हा आपल्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावा. दाब मोजणारे गेज लावताना रेलमधला दाब आधी सोडावा, जोडाभोवती फडके गुंडाळावे आणि जवळपास ठिणगी पडेल असे काहीही ठेवू नये. इंजिन चालू असताना रेग्युलेटरपासून इंजिनाकडे जाणारी व्हॅक्यूमची (हवा ओढणारी) नळी काढली की दाब साधारण अर्ध्या बारने वर गेला पाहिजे. त्याच नळीच्या तोंडाशी पेट्रोल ओले लागले, तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे आणि इंजिन त्या नळीतून चोरून पेट्रोल ओढत आहे.

दाबाची दुसरी परीक्षा इंजिन बंद केल्यानंतरची. काटा काही मिनिटे तरी जागेवर टिकला पाहिजे. तो भराभर खाली आला, तर दाब पुन्हा तयार करावा आणि टाकीकडे परत जाणारी रबरी नळी लगेच चिमटून धरावी. आता काटा टिकला तर दोष रेग्युलेटरचा. तसे झाले नाही, तर दाब पुन्हा तयार करून पंपाकडून येणारी नळी चिमटावी. मग टिकला तर पंपातली एकमार्गी झडप दोषी. दोन्ही वेळा काटा पडतच राहिला आणि बाहेर कुठे ओल दिसली नाही, तरच इंजेक्टर गळतो असे म्हणता येते. हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि मी ते इंजेक्टर बदलल्यानंतरच्या आठवड्यात केले. दाब योग्य होता आणि टिकतही होता.

मग कंप्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पाहिले. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२ (हे कोड वाचण्याची प्रमाण पद्धत) सक्तीचे झाले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत स्कॅनर लावण्याऐवजी तपासणीच्या कनेक्टरमधल्या दोन पिना तारेने जोडायच्या आणि डॅशबोर्डवरच्या दिव्याचे लुकलुकणे मोजायचे. माझा दिवा सगळे आलबेल असल्याचे सांगत होता, आणि त्यावर विश्वास ठेवून मी आणखी एक रविवार वाया घालवला.

उलगडा झाला तो मल्टिमीटरने. इंजिनाचे पाणी किती तापले हे सांगणाऱ्या सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा) तापमान वाढेल तसा कमी होतो: २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तापलेल्या इंजिनावर मी सेन्सरच्या पिनांवरच मोजले तेव्हा ३१० ओहम आले, म्हणजे सेन्सर निर्दोष. मग कनेक्टर परत बसवला, इग्निशन बंद ठेवून कंप्युटरचा प्लग काढला आणि त्याच दोन तारांच्या कंप्युटरकडच्या टोकांवर मोजले, तर २,२०० ओहम. वाटेत कुठेतरी १,८९० ओहम जास्तीचे शिरले होते. सेन्सरजवळचा कनेक्टर हलवताच आकडा नाचू लागला. रबरी टोपी मागे सारून पाहिले तर एका पिनेवर हिरवा थर चढला होता.

कंप्युटरला पाणी दिसत नाही, फक्त रोध कळतो. २,२०० ओहम हा थंड इंजिनाचा अगदी खरा वाटणारा आकडा आहे. तार तुटली असती तर अशक्य आकडा आला असता आणि दिवा लागला असता, पण येथे संशय घ्यायला त्याला काही कारणच नव्हते. इंजिन अजून गारठलेले आहे असे समजून तो जादा पेट्रोल देत राहिला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरातला ऑक्सिजन पाहणारा ऑक्सिजन सेन्सर बिचारा ०.८ व्होल्टवर अडकून पेट्रोल जास्त होते आहे असे ओरडत होता, परंतु इंजिन तापेपर्यंत त्याचे ऐकायचे नाही असाच नियम असल्यामुळे त्याची दाद लागली नाही. सकाळी गाडी नीट का चालायची, तेही यातच आले: थंड इंजिनाला तेवढेच पेट्रोल हवे असते. पिन घासून स्वच्छ केली, सैल झालेली पकड घट्ट केली आणि धूर थांबला.

तुमच्या गाडीचा आजार याच्या उलटा असेल, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडून चढावर ती दम टाकत असेल, तर फिल्टर आणि पंपाची अर्थची (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी) तार आधी पाहा. पंप चालू असताना त्याच्या अर्थच्या तारेत अर्धा-एक व्होल्ट हरवत असेल, तर नवा पंपही तितकाच मंद चालेल. आयडलिंग वरखाली होत असेल तर इंजिन कुठून तरी चोरून हवा घेते का ते शोधा. प्लग, प्लगच्या वायरी आणि कंप्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांची खात्री या सगळ्याच्या आधी करून घ्यायची, हे तुम्हाला माहीत असेलच.

इंजेक्टर खरोखरच बिघडतात, नाही असे नाही. मात्र तेव्हा खूण एकाच सिलिंडरवर उमटते: तीन प्लग तपकिरी आणि एक वेगळा. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की प्रत्येकाची टिकटिक ऐकू येते. एखादा गप्प असेल तर त्याच्या कॉइलचा रोध शेजाऱ्यांशी ताडून पाहावा आणि त्याच्यापर्यंत करंटचा इशारा पोहोचतो का, तेही पाहावे. रोध वेगळा आला, किंवा इशारा पोहोचूनही तो गप्पच राहिला, तर तो एक इंजेक्टर जरूर बदला. मी काढलेले चार पुढच्या वर्षी त्याच गाडीत परत बसवले, आणि ते आजही नीट चालत आहेत.