बाराची नोंद

सातवीत असताना विज्ञानाच्या वहीत मी एक खोटी नोंद केली होती. तिची कबुली द्यायला शाळेच्या सुवर्णमहोत्सवाइतके चांगले निमित्त पुन्हा मिळणार नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी आम्हाला मैदानात नेले, ओळंबा लावून एक मीटर उंचीची काठी रोवून घेतली आणि दर दहा मिनिटांनी सावली मोजायला सांगितली. पहिले भांडण सावलीच्या टोकावरून झाले, कारण सूर्य हा बिंदू नसून सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे ते टोक सेंटिमीटरभर पुसट दिसत होते. बाईंनी निवाडा केला नाही. शेवटी कोणीतरी काठीच्या माथ्यावर भोक पाडलेला पुठ्ठा बसवला. त्यातून जमिनीवर पडणाऱ्या गोल कवडशाचा मध्य नेमका धरता येऊ लागला.

बाराचे मोजमाप माझ्याकडे होते. सावली 68.7 सेंटिमीटर भरली, पण दहा मिनिटांनी ती आणखी आखूड झाली. बाराला सावली सर्वांत लहान असते, हे आम्हाला पाठ होते. म्हणून मी माझ्या आकड्यातून दीड सेंटिमीटर गुपचूप कमी केले. आलेखात बाकीचे बिंदू सुरेख वक्रावर बसले आणि माझा तेवढा खड्ड्यात पडला. “बारा वाजता सावलीला काय झालं होतं रे?” एवढेच बाईंनी विचारले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला लावले.

मध्यान्हाजवळ सावलीची लांबी फारच सावकाश बदलते. त्यामुळे आम्ही सकाळी जेवढी सावली होती तेवढीच ती दुपारी केव्हा होते ते पाहिले आणि दोन्ही वेळांचा मध्य काढला. तो 12 वाजून 23 मिनिटे आला.

फेब्रुवारीच्या मध्यास तोच प्रयोग केला, तेव्हा मध्यान्ह 12 वाजून 53 मिनिटांवर गेली होती. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून पश्चिमेकडे दर अंशाला 4 मिनिटांचा उशीर होतो, हे तोवर आम्हाला समजले होते. पण शाळा तर जागची हलली नव्हती. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य नोव्हेंबरच्या आरंभी सरासरी वेळेच्या सुमारे 16 मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे 14 मिनिटे मागे असतो, हे बाईंनी नंतर सांगितले. त्याआधी मात्र वर्गाने या अर्ध्या तासाचा आळ बिनदिक्कत माझ्यावर घेतला आणि पुढचे मोजमाप होईपर्यंत मोजपट्टी माझ्या हाती दिली नाही.