‘फुस्स’च्या मागे सोळा दिवस

लाकूड कापायला एक दिवस लागला, चिकटवायला आणि घासायला दोन. त्यापुढचे सोळा दिवस मी एका ‘फुस्स’ आवाजाच्या मागे होतो. घरी बनवलेला सबवूफर (फक्त खालचे, घुमणारे सूर वाजवणारा स्पीकर) आता झकास वाजतो, पण ते सोळा दिवस आठवले की अजून डोकं सणकतं.

वूफर, म्हणजे आतला स्पीकर, दहा इंची, बॉक्स पोर्टवाला, म्हणजे हवेच्या ये-जा करायला भोकात पाइप बसवलेला, लाकूड म्हणजे 18 मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी). वूफरबरोबरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे त्याच्या स्वभावाचे आकडे असतात, ते बॉक्सचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचे. ही पद्धत थील आणि स्मॉल या दोन इंजिनिअरांच्या नावाने चालते. थीलचा निबंध 1961 चा, स्मॉलचे त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आले. त्यांच्या कृपेने आपल्यासारख्या हौशी माणसालाही खोकं आधी कागदावर वाजवून बघता येतं.

माझं उत्तर आलं 50 लिटर आणि ट्यूनिंग (बॉक्स आणि पाइपमधली हवा ज्या सुराला सगळ्यात जोरात घुमते तो सूर) 30 हर्ट्‌झ. आतून मी 35 × 40 × 40 सेंमी धरलं, म्हणजे 56 लिटर. वरचे सहा लिटर वूफरचा मागचा भाग, आतले आडवे टेकू आणि पोर्टचा पाइप मिळून खातात. हे वजा करायला बरेच जण विसरतात. मी विसरलो नाही, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

पोर्टसाठी दोन पर्याय होते. साडेसात सेंमी व्यासाचा पाइप 24 सेंमी लांब लागत होता, दहा सेंमीचा 45. बॉक्सची खोली 40. बारीक पाइप सरळ आत बसतो, मग कशाला वाकवावाकवी? बसवला.

हळू आवाजात पहिलं गाणं सुंदर वाजलं. आवाज वाढवला आणि प्रत्येक खालच्या सुरामागून सायकलच्या पंपासारखं फुस्स, फुस्स. मी ठरवून टाकलं, बॉक्स गळतोय. त्यावर एक चाचणी मला ऐकून माहीत होती: वूफरचा कोन, म्हणजे समोरचा हलणारा शंकूसारखा पडदा, बोटांनी हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. सावकाश परत आला तर बॉक्स हवाबंद. माझा कोन टणकन परत आला. झालं!

वूफर काढला, आतल्या सगळ्या कडांवरून गोंदाची धार सोडली, एक दिवस वाळू दिलं, परत बसवला. फुस्स. परत काढला, वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी लावली. फुस्स. चौथ्या वेळी दोन स्क्रू नुसतेच फिरायला लागले, कारण एमडीएफमधला आटा भुगा होऊन गेला होता. (वूफर एकदाच बसेल या भ्रमात राहू नका. सुरुवातीलाच मागून टी-नट, म्हणजे आटेवाल्या धातूच्या चकत्या, ठोका.) मग टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरून एकेका सांध्यावरून फिरलो. मागच्या, वायर जोडायच्या टर्मिनलपाशी ती थरथरली! चोर सापडला म्हणून मी आनंदाने तिथे सिलिकॉन थापलं. आंबूस वासाचं सिलिकॉन असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत वूफर बसवू नये, म्हणून आणखी दोन दिवस थांबलो. लावलं. फुस्स.

तेव्हा मात्र हात टेकले. धाकटी बहीण खोलीत आली, बॉक्ससमोर बसली, पोर्टच्या तोंडाशी तळहात धरला आणि म्हणाली, “दादा, वारा तर इथून येतोय.” मी तिला समजावायला लागलो की अगं, तिथून यायलाच हवा, ते त्याचं कामच आहे. बोलता बोलता मीच गप्प झालो. टॉवेलची गुंडाळी करून पोर्टमध्ये कोंबली. फुस्स बंद.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! कोन दाबायची ती चाचणी बंद बॉक्ससाठी असते. पोर्टवाल्या बॉक्सला मुळात एक मोठं भोक असतं, त्यात कोन टणकन परत येणारच. टर्मिनलची गळती खरी होती, पण आवाज तिचा नव्हता. ट्यूनिंगच्या सुराला कोन जेमतेम हलतो, बहुतेक काम पाइपमधली हवा करते. ती एवढ्याशा नळीतून जोरात ये-जा करायला लागली की कडेवर भोवरे होतात, तेच हे फुस्स. सॉफ्टवेअरमध्ये या हवेच्या वेगाचा आलेख होता, मी तो उघडलाच नव्हता. पूर्ण आवाजाला सेकंदाला 30 मीटर! साधारण 17 च्या आत ठेवा असं मानतात. दहा सेंमीच्या पाइपचं तोंड क्षेत्रफळाने पावणेदोन पटीहून थोडं मोठं, म्हणजे वेग बरोबर 17 वर येत होता.

पण जाड आणि लांब पाइप आतली आणखी तीन लिटर जागा खातो. मग बॉक्स 47 लिटरचा उरतो आणि पाइप 45 ऐवजी 48 सेंमी लागतो. कोपरा जोडून वळवला. लांबी वळणाच्या मध्यरेषेवरून मोजायची आणि आतलं टोक समोरच्या भिंतीपासून निदान पाइपच्या व्यासाइतकं लांब ठेवायचं. भोक मोठं करतानाही गंमत झाली. जुन्या भोकामुळे राउटरची (लाकूड गोल कापायच्या यंत्राची) खीळ रोवायला मध्यबिंदूच शिल्लक नव्हता. मागून फळीचा तुकडा स्क्रूने बसवला, त्यावर मध्य काढला, मग कापलं. पाइप वूफरच्या भोकातून आत घातला. बाहेरच्या तोंडाची कड गोल केली, त्यानेही भोवरे कमी होतात.

हो, एमडीएफ कापताना मास्क लावा, ती धूळ फार वाईट. आणि ॲम्प्लिफायरवर 25 हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारा) लावा, कारण ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो वेड्यासारखा आत-बाहेर करतो. शेवटी मोबाइलवरून एकेक सूर वाजवत कोन सगळ्यात कमी कुठे हलतो ते पाहिलं: 31 हर्ट्‌झ. चालतंय.

टर्मिनलवर मात्र इतकं सिलिकॉन आहे की कधी वायर बदलायची झाली तर तेवढा भाग करवतीनेच कापावा लागेल.