गळालेलं शिंग घासून पांढरं करू नका!

इकडे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जानेवारी ते मार्चच्या दरम्यान व्हाइट-टेल हरणांच्या नरांची शिंगं गळतात आणि बर्फ वितळला की झाडीत, मक्याच्या शेताच्या कडेला सापडायला लागतात. आम्ही शेतमालकाला विचारूनच शोधायला जातो. येलोस्टोनसारख्या नॅशनल पार्कात पडलेलं शिंग उचलायला बंदी आहे, आणि भारतात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे चितळ-सांबराचं आपोआप गळालेलं शिंगसुद्धा घरी आणता येत नाही, त्यामुळे खाली लिहिलंय ते इकडच्या मंडळींसाठी.

बरेच जण शिंग घरी आणलं की पहिलं ब्लीचमध्ये टाकतात नाहीतर उकळतात. कृपा करून असं करू नका! ही शिंगं म्हणजे आतबाहेर हाडच, गाईम्हशीच्या शिंगासारखं वर नखाच्या जातीचं कवच नसतं, त्यामुळे ब्लीचने हाड खराब होतं, ठिसूळ होतं, आणि रंग जातो तो वेगळाच. तो तपकिरी रंग म्हणजे मळ नाहीये हो, नर झाडांच्या बुंध्यावर शिंगं घासतो तेव्हा साल आणि चीक खरखरीत पृष्ठभागात मुरतो त्याचा तो रंग असतो, म्हणून टोकं घासून गुळगुळीत पांढरी आणि बुडाकडे गडद. मला तर तेच सगळ्यात सुंदर वाटतं.

कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश, एवढं पुरतं. बुडाकडे मण्यांसारखे खडबडीत उंचवटे असतात, त्यांच्यामध्ये माती आणि शेवाळ अडकतं तिथे वेळ द्या, बाकी हलक्या हाताने. भिजत ठेवायचं नाही, धुवून लगेच पुसायचं आणि सावलीत हवेशीर जागी दोन-चार दिवस वाळवायचं. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर तडे जातात. उंदीर-खारींनी कॅल्शियमसाठी कुरतडलेल्या खुणा असतील तर त्या राहू द्या, घासून काढू नका. घासायचंच असेल तर मास्क लावा, हाडाची धूळ फुफ्फुसाला वाईट.

ताजं शिंग असेल तर वरून काही लावायची गरज नसते. पण एखाद-दोन वर्षं उन्हापावसात पडून खडूसारखं पांढरं झालेलं असेल तर बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे लवकर वाळणारी द्रव्यं घातलेलं जवसाचं तेल (खायचं नव्हे), अगदी पातळ लावायचं, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं. जुना रंग परत येत नाही पण कोरडेपणा जातो. कुत्र्याला चघळायला द्यायचं असेल तर तेल अजिबात नको.

आणि हे नीट वाचा, ते तेलाचं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर मोकळं पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, मगच टाका.