तेविसावा माणूस

भोरगिरीहून भीमाशंकरला जाणारी वाट मी लीडर म्हणून पंचवीसेक वेळा केली असेल. जुलैतला तो रविवार मात्र डोक्यातून जात नाही.

मंडळी 23. पुढे गावातले मामा, शेवटी मी. भातखाचरं संपली की अंजनी, जांभूळ, हिरड्याचं रान सुरू होतं. आत इतकी दाट सावली, की पाऊस थांबला तरी पानांवरून टपटप चालूच राहते. गटात साठी ओलांडलेले एक काका होते. त्यांना शेकरू बघायचं होतं. हे अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, त्यात शेकरूचा मोठा वाटा. पावसात ते क्वचितच दिसतं, म्हणून मी त्यांना फांदीच्या टोकाचं काटक्या-पानांचं गोल घरटं दाखवलं. ते कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिले.

मग पुढे एक मुलगी घसरली, पाय मुरगळला. काका आळंब्यांचे फोटो काढत होते. "व्हा तुम्ही पुढे, आलोच," म्हणाले. आणि मी गेलो. शेवटच्या माणसाने आपल्यामागे कुणालाही सोडायचं नसतं. मी सोडलं.

ओढ्यापाशी मोजलं. 22. पुन्हा मोजलं, 22च.

धुकं उतरलं होतं, फोनला रेंज नव्हती. सुमारे 130 चौरस किलोमीटरचं रान आणि त्यात एकटा माणूस. पोटात गोळा आला. सगळे हाका मारू लागले, तर मामांनी हात वर केला. "वरडू नका. धुक्यात आवाज कुठनं येतोय कळत न्हाई. माणूस भलतीकडं जायचा."

बाकीच्यांना ओढ्यापाशी बसवून आम्ही दोघं मागे फिरलो. मामा बाळहिरड्यासाठी, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांसाठी, दर उन्हाळ्यात हेच रान तुडवणारे. कारवीत शिरणाऱ्या एका ढोरवाटेपाशी ते वाकले. तांबड्या चिखलात बुटांचे ठसे आणि शेजारी करंगळी जाईल एवढी गोल भोकं. काकांच्या काठीचं टोक!

दहा मिनिटांत सापडले. अंजनीच्या बुंध्याला टेकून बसले होते, ओठ थरथरत होते. वरून टक-टक-टक आवाज आला, शेकरू असेल म्हणून मान वर करून चालत गेले, आणि वाट हरवली.

मी थर्मासमधला चहा ओतत होतो, हात माझेच कापत होते. काका म्हणाले, "सकाळी तुम्हीच सांगितलं होतंत ना, चुकलात तर जागा सोडू नका. म्हणून बसून राहिलो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसवेना.

संध्याकाळी भीमाशंकरला पोचल्यावर मामांनी देवळाच्या पायऱ्यांवर एकेकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. 23 भरले, तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि दर्शनाला गेले.