कनिष्काच्या नाण्यावरील कांस्यरोग: बाराव्या आठवड्याची नोंद

मृगाच्या पहिल्या सरींनंतर आठवड्याभरात माझ्या कनिष्काच्या नाण्यावर फिकट हिरवा ठिपका दिसला, त्याला आता बारा आठवडे झाले. नाणे तांब्याचे आणि साधारण 16 ग्रॅम वजनाचे आहे. दर्शनी बाजूस वेदीपाशी आहुती देणारा राजा आहे, तर मागील बाजूस वाऱ्याने फुगलेले वस्त्र दोन्ही हातांनी धरून धावणारा ओआडो हा वायुदेव. मोहरीएवढा तो ठिपका नेमका त्याच्या गुडघ्यावर होता.

दहापट भिंगाखाली सुईचे टोक लावून पाहिले, तेव्हा शेजारच्या गडद हिरव्या थरावरून ती घसरली. ठिपक्यात मात्र पिठात रुतावी तशी रुतली. कांस्यरोग रंगापेक्षा या स्पर्शाने अधिक खात्रीने ओळखू येतो, असे माझे मत आहे. नाव कांस्यरोग असले तरी तो तांब्यालाही होतो. नाणे जमिनीत असताना क्षार आत मुरतात आणि थराखाली क्युप्रस क्लोराइड साचते; त्याला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की फिकट हिरवी भुकटी तयार होते, सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते आम्ल आतले तांबे खाते आणि त्यातून पुन्हा क्लोराइड तयार होते. म्हणून वरची भुकटी झाडून टाकल्याने रोग जात नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता 42 ते 46 टक्क्यांच्या वर गेली की ही साखळी जोर धरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात घरातील आर्द्रतामापक 80च्या आसपास असतो.

तांब्याची भांडी लिंबू-मिठाने किंवा चिंचेने लख्ख घासण्याची सवय आपल्या हातांना आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहितो. मीठ हे स्वतःच क्लोराइड आहे, म्हणजे रोगाचे मूळ आपण हाताने चोळून आत घालतो. आणि आम्ल जो थर विरघळवते, त्या थरातच पुष्कळदा अक्षरांचे उठाव शिल्लक राहिलेले असतात.

भिंगाखाली सुईने भुकटी काढल्यावर आतले क्लोराइड बाहेर काढण्यासाठी नाणे सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या 5 टक्के द्रावणात ठेवले. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 14 ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट (धुण्याचा सोडा) आणि 11 ग्रॅम खाण्याचा सोडा असे माझे प्रमाण आहे. धुण्याचा सोडा खड्यांच्या रूपात असेल तर त्यात पाण्याचा अंश मोठा असतो, हे वजन करताना ध्यानात घ्यावे लागते. द्रावण दर आठवड्याला बदलले. गेल्या वर्षी एक शिवराई मी दोन महिने एकाच द्रावणात विसरलो होतो. पाणी निळे झाले आणि तिच्या तपकिरी थरावर निळसर झाक आली, ती आजही गेलेली नाही. हे द्रावण क्लोराइडबरोबर थरातील तांबेही हळूहळू ओढून घेते, त्यामुळे या वेळी आठ आठवड्यांवर थांबलो.

त्यानंतर केवळ डिस्टिल्ड वॉटर. धुवणाच्या पाण्याचा थोडा नमुना काचेच्या नळीत घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की क्लोराइड असल्यास पांढरा गढूळपणा येतो. नवव्या आठवड्यात ताकाच्या निवळीसारखा रंग आला, दहाव्यात पुसट धूसरपणा, अकराव्यात नमुना स्वच्छ राहिला. मात्र आधी कोऱ्या पाण्याचीही हीच चाचणी करावी. बॅटरीसाठी म्हणून आणलेला माझा एक कॅन थेट दुधाळ झाला होता. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडतात, म्हणून हातमोजे हवेतच.

मग नाणे अल्कोहोलमध्ये बुडवून पाणी काढले, दिव्याच्या उबेत वाळवले आणि बेंझोट्रायझोल या तांब्याचा गंज रोखणाऱ्या रसायनाच्या 3 टक्के अल्कोहोल-द्रावणात 24 तास ठेवले. हे रसायन घातक आहे. मी ते खिडकी उघडून, हातमोजे घालून, स्वयंपाकघरापासून दूर हाताळतो. बाहेर काढल्यावर पृष्ठभागावर राहिलेले पांढरे कण अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपले.

खरी परीक्षा या आठवड्यात घेतली. ओल्या कापसासह नाणे, त्याला कापूस न लागेल अशा बेताने, बंद डब्यात दोन दिवस ठेवले. दोन्ही दिवशी गुडघ्याची खळगी भिंगाखाली तपासली. खळगी तपकिरी आणि कोरडी होती, कडेला नवी भुकटी नव्हती.

पॅरालॉइड बी-72 चा, म्हणजे अॅसिटोनमध्ये विरघळवून लावायच्या पारदर्शक संरक्षक रेझिनचा, लेप अजून दिलेला नाही. अ‍ॅसिटोन उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील पाणी त्यावर धरते आणि लेप पांढुरका पडतो. त्यामुळे ते काम ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारसाठी ठेवले आहे. तोवर नाणे हवाबंद डब्यात आहे. त्यातील ओलावा शोषणारे नारिंगी सिलिका जेल हिरवे पडले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून परत घालतो. आज सकाळी डब्यातील मापकावर 34 होते, खोलीतील मापकावर 83.