कॅमेरा नीट आहे की नाही, हे घरी कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. कॅमेरा नवा असो की सेकंडहँड, आठवड्याभरात हा प्रश्न येतोच: "दुकानदार म्हणतो सगळं ओके आहे, पण फोटो खरंच चांगले येतायत हे ओळखायचं कसं?"

आधी एक वाटणी करून घ्या. काही गुणदोष मॉडेलचे असतात, काही तुमच्या हाती आलेल्या नगाचे. कमी उजेडात नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) किती, सावलीतून तपशील किती निघतो, हे मॉडेल ठरवतं. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे त्यात जवळपास सारखेच असतात, त्यामुळे ते मोजत बसून कॅमेरा बदलून मिळणार नाही. लेन्समधली काच तिरकी बसलेली, सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) धूळ, एखादा पिक्सेल कायम पेटलेला, ही नगाची दुखणी. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत ती शोधायची.

सगळ्यात जास्त वेळ चार कोपऱ्यांना द्या. लेन्समधली एखादी काच किंचित सरकली किंवा कलली की फोटोचा एक कोपरा किंवा एक बाजू मऊ, म्हणजे अस्पष्ट, पडते. मध्यभाग लख्ख असल्यामुळे महिनोन्महिने ते लक्षातही येत नाही.

त्यासाठी चार्ट विकत आणायची गरज नाही. बारीक टायपातलं, साधारण ८ पॉइंटचं मराठी मजकुराचं एक पान घ्या आणि त्याच्या पाच स्वच्छ झेरॉक्स काढा. पाचही एकसारख्याच हव्यात. वेगवेगळा मजकूर असेल तर तुलना फसते. सपाट भिंतीवर ७० सेंटिमीटर रुंद आणि ४७ सेंटिमीटर उंच चौकट पेन्सिलीने आखा. चार कोपऱ्यांत चार झेरॉक्स आणि मधोमध पाचवी लावा, कडांना चिकटपट्टी मारून. कागद फुगलेला नको. पंखा बंद. एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान आकाराचा) आणि ५० मिलिमीटर लेन्स असेल तर कॅमेरा साधारण दीड मीटरवर ठेवला की एवढी चौकट फ्रेममध्ये भरते.

आता नव्वद टक्के लोक चुकतात ती जागा. सेन्सर भिंतीला समांतर हवा. नाहीतर एक कोपरा खरोखरच लांब असतो, तो फोकसच्या बाहेर जातो आणि दोष बिचाऱ्या लेन्सच्या माथी बसतो. नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. बिनचौकटीचा छोटा आरसा चौकटीच्या मधोमध भिंतीला घट्ट टेकवा आणि कॅमेऱ्यातून पाहा. तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर दिसेपर्यंत ट्रायपॉड हलवा. ते मध्यावर आलं की काम झालं. आरसा काढून पाचवी झेरॉक्स परत लावा.

सेटिंग असं: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर प्रायॉरिटी (लेन्सच्या छिद्राचा आकार तुम्ही ठरवायचा, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही, १० सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. काही जुन्या लेन्समध्ये तीच यंत्रणा स्थिर कॅमेऱ्याला हलवते. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमधूनच (मागच्या स्क्रीनवर पाहून) काढा. फोकस मॅन्युअल, स्क्रीनवर मधला मजकूर मोठा करून. उजेड खिडकीचा उत्तम. ट्यूब किंवा एलईडीखाली काढणार असाल तर शटर १/५० सेकंद किंवा त्याहून सावकाश राहील असं पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि वेगवान शटरला दोन फोटोंचा उजेड सारखा येत नाही.

पूर्ण उघडं ॲपर्चर, मग एफ/४, एफ/५.६ आणि एफ/८ (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान). प्रत्येकाचे तीन फोटो, दर वेळी फोकस नव्याने करून. तिन्हींत तोच कोपरा मऊ असेल तरच तो पुरावा. झूम असेल तर दोन्ही टोकं आणि मधलं एक, असा सगळा कार्यक्रम तीनदा. एफ/१६वर तपासू नका. तिथे प्रकाश स्वतःच पसरतो: एका बिंदूचा ठिपका एफ/८ला सुमारे ११ मायक्रॉनचा, एफ/१६ला २१ च्या पुढे, आणि २४ मेगापिक्सेल एपीएस-सीचा एक पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा. सगळे कोपरे सारखेच मऊ होतात आणि दोष झाकला जातो.

बघायचं काय? 'ष'. त्याच्या पोटातली तिरकी रेघ सुटी दिसते की तिथे नुसता करडा डाग पडून 'ष'चा 'प' होतो? मग शिरोरेषेवरचा अनुस्वार: टिंब आणि रेघ यांच्यामध्ये पांढरी फट आहे का? चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील आणि एफ/५.६ला सुधारत असतील, तर तो लेन्सच्या रचनेचा स्वभाव, त्यावर तक्रार चालणार नाही. तिघांत 'ष' वाचता येतोय आणि चौथ्यात नाही, तर खोट आहे.

तरी खात्री करून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर उलटा लावा, आरसा परत वापरा आणि तेच फोटो काढा. पाहताना फोटो आपोआप फिरवण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर गोंधळ होईल. मऊ कोपरा फ्रेममध्ये होता तिथेच राहिला तर दोष कॅमेऱ्यात किंवा लेन्समध्ये. तिरप्या समोरच्या कोपऱ्यात गेला तर तुमची मांडणी तिरकी. मग दुसरी लेन्स लावून पाहा. तिच्यातही तोच कोपरा मऊ असेल, तर लेन्स निर्दोष, सेन्सर किंवा माउंट (लेन्स बसते ती कडी) तिरका. वाइड लेन्सला भिंतीपेक्षा समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बरी. १००-१५० मीटरवरच्या टाकीवरच्या अक्षरांवर मध्यातून फोकस करा, तो लॉक करा आणि कॅमेरा वळवत तीच अक्षरं चारही कोपऱ्यांत आणा. समांतरपणाचा प्रश्नच उरत नाही. फक्त सकाळी लवकर. दुपारी गच्च्यांवरून तापलेली हवा वर चढते आणि टेलिलेन्सला सगळंच लहरताना दिसतं.

तीक्ष्णपणाचा आकडाच हवा असेल तर लेझर प्रिंटरवर काढलेला काळा चौकोन सुमारे ५ अंश तिरका लावून फोटो काढा आणि 'एमटीएफ मॅपर' या मोफत सॉफ्टवेअरला द्या. तिरकी कड का, तर सरळ कड प्रत्येक ओळीत पिक्सेलच्या त्याच जागी पडते; तिरकी कड दर ओळीत थोडी सरकते आणि पिक्सेलपेक्षा बारीक मोजता येतं. आयएसओ १२२३३ या मानकात हीच युक्ती आहे. (हा आयएसओ म्हणजे कॅमेऱ्यातला आकडा नव्हे.) पण खरं सांगायचं तर खोट पकडायला 'ष' पुरतो.

सेन्सरची धूळ पाच मिनिटांचं काम. लॅपटॉपचा कोरा पांढरा पडदा, एफ/२२, फोकस अनंतावर, शटर एक-दोन सेकंद, आणि चक्क हात हलवत फोटो. पडद्यावरचं सगळं पुसलं जातं, सेन्सरवरचे ठिपके तेवढे जागच्या जागी राहतात. फोटोत वर डावीकडे ठिपका असेल, तर समोरून पाहताना धूळ सेन्सरच्या खालच्या डाव्या भागात असते.

पेटलेल्या पिक्सेलसाठी लेन्सला झाकण, व्ह्यूफाइंडर झाकलेला, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब शटरच्या फोटोतले ठिपके कॅमेऱ्याने स्वतः पुसण्याची सोय) बंद. एक फोटो आयएसओ १००, १/६० सेकंदाचा, दुसरा ३० सेकंदांचा. दुसऱ्यात रंगीत ठिपके येणारच, नागपूरच्या मे महिन्यात तर भरपूर, कारण तापमान साधारण ६ ते ८ अंश वाढलं की सेन्सरमधली विजेची ही आपोआपची, अंधारातही चालणारी गळती दुप्पट होते. ते पाहून घाबरू नका. १/६०ला दर वेळी त्याच जागी दिसणारा ठिपका मात्र लिहून ठेवा. काही कॅमेऱ्यांत पिक्सेल मॅपिंगचा (खराब पिक्सेल शोधून झाकण्याचा) पर्याय असतो, त्याने तो जातो.

सेकंडहँड लेन्स कोकण-गोव्याकडून आलेली असेल तर भिंतीआधी टॉर्च. ॲपर्चर उघडून मागून उजेड टाका; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सुरुवातीची बुरशी अक्षरांच्या चाचणीत बहुधा पकडली जात नाही, उजेडासमोर काढलेल्या फोटोत कॉन्ट्रास्ट खाते.

रंगांबद्दल एवढंच: झेंडूचं फूल किंवा कुंकू सपाट लाल-केशरी ठोकळ्यासारखं आलं तर कॅमेरा बाद ठरवू नका. लाल चॅनेल भरून वाहिलेला असतो. तीन रंगांचा हिस्टोग्राम (प्रत्येक रंगाचा उजेड किती, ते दाखवणारा आलेख) लावा आणि एक्स्पोजर (फोटोत शिरणारा उजेड) पाऊण स्टॉप कमी करा, पाकळ्या सुट्या होतील. कडेचा अंधार आणि रेषांचा बाक जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच दुरुस्त करून देतो. मूळ रूप पाहायचं असेल तर रॉ फाइल 'रॉथेरपी' या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स करेक्शन बंद करून उघडा.

आणि १०० टक्क्यांवर बघताना जरा बेताने. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर २४ मेगापिक्सेलचा फोटो त्या आकाराला जवळजवळ १६५ सेंटिमीटर रुंद होतो. तेवढ्या पोस्टरला नाक लावून कोणी बघत नाही. झूम लेन्समध्ये कोपऱ्यांचा थोडाफार फरक जवळपास नेहमीच सापडतो. माझा निकष १२ बाय १८ इंचांची प्रिंट: तिच्यात दिसलं तर परत, नाही तर वापरा.

परत करायला जाताना कापलेले तुकडे नेऊ नका, मूळ फाइली न्या. फोकल लेंग्थ आणि ॲपर्चरची नोंद त्यांच्यातच असते. सुलट्या आणि उलट्या कॅमेऱ्याचा एकेक फोटो पुरे, आणि फाइलचं नाव साधं: '१८ मिमी, एफ-४, उजवा खालचा कोपरा'.