१९७१चा भारतीय टी-५५ : किट कोणतं घ्यावं, सोबत काय घ्यावं आणि काय दुकानातच ठेवावं

१/३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याचं मॉडेल बनवायचं म्हटलं तर किटच्या डब्यांना तोटा नाही. तामिया, ताकोम, मिनिआर्ट या कंपन्यांचे, शिवाय जुन्या साच्यांचे नव्या चित्रांतले डबे. अडचण पुढे येते. या डब्यांतले डिकल, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणा, बहुतेक सोव्हिएत, पूर्व युरोपीय किंवा अरब सैन्यांचे असतात. म्हणजे १९७१चा भारतीय रणगाडा हवा असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी टी-५५ घ्यायचा आणि त्याला भारतीय करायचं. अशा वेळी आधी किट आणि मग फोटो, या क्रमाने गेलं की पैसे वाया जातात. आधी एक फोटो पक्का करा. पाच वेगवेगळ्या फोटोंतले आवडलेले भाग एकत्र केले तर तसा रणगाडा कधी अस्तित्वातच नव्हता, हे जाणकाराला लगेच कळतं.

फोटोत तीन गोष्टी शोधायच्या. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) छतावर, उजवीकडे लोडरच्या (गोळे भरणाऱ्याच्या) हॅचपुढे, म्हणजे वर उघडणाऱ्या दारापुढे, घुमटासारखं झाकण दिसलं तर तो टी-५४. ते वायुवीजनाचं झाकण टी-५५वर काढून टाकलं होतं. हॅचभोवती जाड, उंचावलेली कॉलर दिसली तर तो टी-५५ए. किरणोत्सारापासून बचावासाठी आत-बाहेर जे अस्तर लावलं, त्याची ती कॉलर. तिसरी खूण म्हणजे समोरच्या तिरक्या चिलखताच्या मध्यावरचं छोटं भोक. तिथून चालकाची मशिनगन मारा करायची. साध्या टी-५५वर ते आहे, टी-५५एवर नाही. हे भोक बुजवणं किंवा ०.८ मिमीच्या ड्रिलने पाडणं पाच मिनिटांचं काम आहे. कॉलर तासून काढणं मात्र तसं नाही. तिच्याखाली टरेटचा ओतीव पोत आहे, तो पुन्हा तयार करावा लागतो.

आणि १९७१साठी चौथी, सगळ्यात मजेदार खूण. पाकिस्तानकडे टाइप ५९ होते आणि ते मुळात टी-५४एचीच चिनी आवृत्ती. धुळीत, लांबून दोन्ही सारखेच दिसणार. म्हणून भारतीय रणगाड्यांच्या तोफेच्या नळीवर मध्यावर एक खोटा फ्यूम एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे धूर खेचणाऱ्या नळकांड्याची नुसती नक्कल, बसवली होती. खरा एक्स्ट्रॅक्टर नळीच्या तोंडाशी असतोच. त्यामुळे नळीवर दोन फुगवटे दिसतात. ही एक गोष्ट केली नाही तर बाकी कितीही मेहनत घ्या, मॉडेल १९७१चं वाटत नाही.

आता किट. तामियाचा टी-५५ए जोडणीला अजूनही सगळ्यात सुखाचा. भाग कमी, फटी जवळजवळ नाहीत, ओतीव टरेटचा पोत छान. पहिल्यांदाच रणगाडा बनवणाऱ्याने डोळे झाकून हा घ्यावा. पण तो टी-५५ए आहे. तुमच्या फोटोत कॉलर नसेल तर मिनिआर्टचा टी-५५, १९६३ मॉडेल, जास्त जवळचा. मिनिआर्टमध्ये अंतर्भागासह मिळणाऱ्या डब्यांत भागांची संख्या हजाराच्या पुढे जाते. इंजिन, गोळे, सीट, सगळं. हॅच बंद ठेवणार असाल तर त्यातलं निम्मं काम कुणालाच दिसणार नाही, म्हणून अंतर्भाग नसलेला डबा शोधा. मिनिआर्टचं प्लास्टिक बारीक आणि सुबक आहे, पण स्प्रूला, म्हणजे भाग ज्यात येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीला, भाग जाड दांड्यांनी चिकटलेले असतात. साध्या नेलकटरने तोडलं की हँडल, हुक हमखास मोडतात. एका बाजूने सपाट असलेला धारदार निप्पर लागतो, आणि भागापासून दोन-तीन मिमी दूर पहिला काप, मग दुसरा काप भागाला लागून.

डब्याच्या बाहेर लिहिलेलं नाव आणि आतला साचा एकच असेल असं धरून चालू नका. इटालेरीच्या कितीतरी डब्यांत जुन्या एस्की कंपनीचे साचे आहेत आणि तामियानेही इटालेरीची काही किट्स स्वतःच्या डब्यात विकली आहेत. स्केलमेट्सच्या साइटवर किटचा क्रमांक टाकला की साचा कोणत्या सालचा, कुठून आलेला, हे वंशावळीसारखं समोर येतं. विकत घेण्याआधी दोन मिनिटं तिथं घालवा.

जागेचाही हिशेब आधीच करा. टी-५५ तोफेसकट ९ मीटर लांब आणि ३.२७ मीटर रुंद. १/३५मध्ये साधारण २५७ मिमी गुणिले ९३ मिमी. १/७२मध्ये तोच १२५ मिमी. एका कपाटात बरीच वाहनं मावायची असतील तर १/७२ वाईट नाही, पण ॲक्सेसरी, सैनिकांच्या आकृत्या, डिकल यांची खरी चंगळ १/३५मध्येच. हे विचित्र माप तामियाच्या मोटर लावलेल्या पँथर रणगाड्याच्या किटमुळे १९६१मध्ये रूढ झालं. बॅटऱ्या आणि मोटर आत मावेल असा सांगाडा करताना जे माप आलं, तेच पुढे सगळ्यांनी उचललं.

ॲक्सेसरीवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले पट्ट्यांवर, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या ट्रॅकवर. टी-५५ला वरच्या बाजूने पट्टा उचलून धरणारी रोलर नाहीत. पट्टा मोठ्या चाकांच्याच डोक्यावर टेकतो आणि त्यांच्यामध्ये लोंबतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जास्त अंतर आहे, तिथली झोळ तर दुरूनही दिसते. डब्यातला रबरासारखा सलग पट्टा ताणून बसतो आणि वरून सरळ रेषेत जातो. रंग, मळ, काहीही चढवा, खोटेपणा लपत नाही. जुन्या व्हिनाइल पट्ट्यांची आणखी एक खोड म्हणजे त्यातलं मऊ ठेवणारं रसायन बाहेर येऊन प्लास्टिकची चाकं चिकट करतं, कधी वितळवतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद डब्यात हे लवकर होतं. असं जुनं किट घेतलं असेल तर पट्टे आजच वेगळ्या पिशवीत काढून ठेवा.

पर्याय तीन. सगळ्यात स्वस्त, डब्यातलाच पट्टा चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूने चिकटवायचा आणि जिथं झोळ हवी तिथं पट्टा आणि मडगार्ड यांच्यामध्ये स्पंज कोंबून सुकेपर्यंत दाबून ठेवायचा. दुसरा, प्लास्टिकच्या सुट्या कड्या. तिसरा, हंगेरीच्या फ्रिउलसारखे पांढऱ्या धातूचे पट्टे. ते वजनानेच लोंबतात, झोळ करावी लागत नाही. पण प्रत्येक कडीचं भोक ०.५ किंवा ०.६ मिमीच्या ड्रिलने साफ करायचं आणि तारेचा तुकडा घालून सुपरग्लूचा ठिपका लावायचा. एका बाजूला ९०च्या आसपास कड्या. दोन्ही बाजू म्हणजे १८० वेळा तेच. ड्रिलची दोन-तीन पाती जास्तीची आणा, मोडणारच.

पट्टे मागवताना एक चूक फार होते. जुना ओएमएसएच आणि नंतरचा आरएमएसएच असे दोन प्रकार आहेत आणि त्यांची दात असलेली चाकंही वेगळी. पहिल्याला १३ दात, दुसऱ्याला १४. पट्टा बदलला आणि दातांचं चाक किटातलंच ठेवलं तर कड्या दातांवर बसत नाहीत. १९७१साठी फोटो नीट पाहून जुना प्रकार आहे का ते ठरवा आणि सेटमध्ये चाकं दिली आहेत का, हे डब्याच्या मागे वाचा. धातूचे पट्टे जड असल्याने चाकांचे दांडे नुसत्या ठिपक्यावर टिकत नाहीत. दांडे चिकटवताना मॉडेल काचेवर ठेवा, पाचही चाकं काचेला टेकतात ना ते बघा आणि रात्रभर हात लावू नका.

पट्ट्यांनंतर नळी. दोन अर्ध्या भागांची नळी जोडून घासली की गोलाई जाते आणि मध्ये ती किंचित अंडाकृती होते. लेथवर कातलेली ॲल्युमिनियमची नळी स्वस्त आणि अतिशय सरळ असते. पोलंडच्या आरबी मॉडेल किंवा एबरच्या नळ्या सहज मिळतात. खऱ्या तोफेचं भोक १०० मिमी, म्हणजे १/३५मध्ये जेमतेम २.९ मिमी. धातूच्या नळीत ते बरोबर आतपर्यंत कोरलेलं असतं. किटाची नळी एका तुकड्यात साच्यातून आली असेल तर मात्र हा खर्च टाळा.

खोटा एक्स्ट्रॅक्टर प्लास्टिकच्या नळीतून करायचा. फोटोत तोफेच्या नळीच्या जाडीच्या तुलनेत तो किती जाड आणि किती लांब, हे पट्टीने मोजा आणि त्याच प्रमाणात तुकडा कापा. तोफेची नळी निमुळती आहे, त्यामुळे तुकडा पुढच्या बाजूला सैल पडतो. आत मास्किंग टेपचे एक-दोन वेढे देऊन मधोमध आणा, दोन्ही टोकांना पुटी भरा आणि ६००, मग १००० नंबरच्या पाणकागदाने गोल फिरवत घासा. खऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा फुगवटा त्याच वेळी तपासा, दोन्ही एका रेषेत यायला हवेत.

फोटो-एच, म्हणजे पितळी पत्र्याचे बारीक भाग, इथं मात्र हात आखडता घ्या. एडुआर्ड, व्हॉयेजर, एबर यांचे मोठे सेट बघून भुरळ पडते. पण मडगार्डपासून हुकपर्यंत सगळं पितळी केल्याने मॉडेल आपोआप चांगलं होत नाही, उलट वाकडे सांधे वाढतात. इंजिनच्या डेकवरच्या जाळ्या एवढ्याच घ्या. प्लास्टिकमध्ये आरपार दिसणारी जाळी होऊच शकत नाही, म्हणून तिथं पितळ खरंच फरक पाडतं. मडगार्ड चेपलेलं, फाटलेलं दाखवायचं असेल तरच तो सेट. पितळ वाकवण्याआधी मेणबत्तीच्या किंवा लायटरच्या ज्योतीत लालसर होईपर्यंत तापवून थंड करा, मऊ पडतं. पितळाला तामियाचं पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचा गोंद, चिकटत नाही. सुपरग्लूच हवा आणि तो टाचणीच्या टोकाने. फेविक्विक चालतं, फक्त ट्यूबमधून थेट लावू नका, प्लास्टिकच्या झाकणावर थेंब काढून घ्या. पावसाळ्यात तो लवकर पकडतो आणि भोवती पांढरी साय धरते. म्हणून काचेच्या आणि पेरिस्कोपच्या जवळ त्याचा वापर नको, तिथं पातळ केलेलं फेविकॉल.

सैनिकांच्या आकृत्या घेताना शिरस्त्राण बघा, चेहरा नंतर. सोव्हिएत रणगाडा-चालकांची गादीदार काळी टोपी सगळ्या सेटमध्ये असते. भारतीय जवान त्यात नेहमी दिसत नाहीत, फोटोप्रमाणे डोकं बदलावं लागतं. सुटी रेझिनची डोकी मिळतात. रेझिन रंगवण्याआधी भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग टेपबरोबर सोलून येतो.

भारतीय खुणांचे तयार डिकल मिळाले नाहीत तर घरी छापता येतात. अडचण एकच, साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. पांढरे आकडे हवे असतील तर पांढऱ्या डिकल कागदावर मागची हिरवी पार्श्वभूमी छापायची, म्हणजे आकडे कोरे राहतात. पण ती हिरवी तुमच्या रंगाशी तंतोतंत जुळत नाही. त्यापेक्षा मास्किंग शीटमध्ये आकडे कापून पांढरा फवारणं सोपं. इंकजेट वापरलात तर पाण्यात टाकण्याआधी स्वच्छ वार्निशचे दोन हात द्या, नाहीतर शाई पसरते.

रंग परदेशातून मागवू नका. ज्वलनशील बाटल्या विमानाने टपालात घेतल्याच जात नाहीत, आणि इतर पार्सलवरची कस्टम ड्यूटीही शिपिंगचा खर्च धरून मोजली जाते, म्हणून किट, पट्टे, नळी एकाच वेळी मागवावेत. रंग इथल्याच हॉबीच्या दुकानातून. तामियाचा एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन हा पाया ठेवा, त्यात थोडा पिवळा मिसळा आणि दुसऱ्या हातात आणखी उजळवा, कारण लहान मॉडेलवर गडद रंग अजून गडद दिसतो. एअरब्रश ०.३ मिमीचा, रंग आणि एक्स-२०ए थिनर समसमान, दाब १५ ते २० पीएसआय. लॅकर वापरत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये दमट संध्याकाळी फवारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर दुधाळ धुकं येतं. फवारावंच लागलं तर थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे रंगाचं सुकणं लांबवणारा द्रव, घाला.

मळाच्या वॉशसाठी, म्हणजे खाचांत सोडायच्या पातळ रंगासाठी, महागडी बाटली कशाला? कॅम्लिनच्या तैलरंगाची बर्न्ट अंबर ट्यूब पुठ्ठ्यावर अर्धा तास पिळून ठेवा, जादा तेल पुठ्ठ्यात उतरतं आणि वॉश चमकत नाही. मग व्हाइट स्पिरिटमध्ये (मिनरल टर्पेंटाइनमध्ये) पातळ करून फक्त सांध्यांत, खिळ्यांभोवती.

मराठी मुलखात असाल तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम हा संदर्भाचा खजिना आहे. ओतीव चिलखताचा पोत, वेल्डिंगचा जाड वळ, पट्ट्याच्या कडीची झीज, हे पुस्तकात कळत नाही. फक्त तिथल्या रंगावर भरवसा ठेवू नका. प्रदर्शनातले रणगाडे पुन्हापुन्हा रंगवलेले असतात आणि बाहेरची बरीच अवजारं, दिवे, जाळ्या निघालेल्या असतात. फोटो काढायचे तर आधी विचारा, आणि मिळाली परवानगी तर पूर्ण रणगाड्याचे कमी, मडगार्डच्या खालचे आणि इंजिन-डेकचे जास्त.

शेवटी उरतो तो मागचा ओंडका. चिखलातून बाहेर पडण्यासाठी मागे बांधलेला. किटातला प्लास्टिकचा टाकून द्या. बागेतली सरळ वाळकी काडी, पाच-सहा मिमी जाड, मागच्या रुंदीपेक्षा थोडी आखूड कापा, ओव्हनमध्ये मंद आचेवर अर्धा तास सुकवा म्हणजे कीड राहत नाही, आणि शिशाच्या पातळ पट्टीने दोन ठिकाणी बांधा. सालीच्या रेषा फार जाड असतील तर काडी बदला, १/३५मध्ये त्या भेगा वाटतात.